खटका वाजला, पण फोटो आला का?

मुलांनो, तुमच्या घरी जुना रोलचा कॅमेरा आहे का? हल्ली काही ताई-दादा तो हौसेने पुन्हा वापरतात. पण हे म्हातारबुवा मोठे लहरी! खटका छान वाजतो. आत काय झालं, ते मात्र रोल धुऊन आल्यावरच कळतं.

३५ मिलिमीटरच्या मोठ्या रोलवर ३६ फोटो निघतात. रोलच्या दोन्ही कडांना भोकं असतात. त्यांत चाकाचे दाते अडकतात आणि रोल पुढे सरकतो. टोक नीट अडकलं नाही, तर आकडा खुशाल १, २, ३ असा पुढे जातो आणि रोल जागच्या जागीच! खटके ३६, फोटो एकही नाही.

मागच्या झाकणाच्या खाचेत काळा स्पंज असतो. वर्षानुवर्षांनी त्याचा भुगा होतो, फटीतून उजेड शिरतो आणि रंगीत फोटोंवर लाल-केशरी पट्टे उमटतात. दमट हवेत भिंगाला बुरशी लागते. मग सगळं धुरकट. आतलं तेल सुकलं, की पडदा रेंगाळतो आणि पळणारं मूल पुसट येतं.

मग करायचं काय? हाताने रोल सरकवायच्या कॅमेऱ्यात रोल भरल्यावर तो गुंडाळायची कळ हलकेच ताणून घ्या. खटक्यासाठी रोल पुढे सरकवताना ती कळ फिरली, तर समजा, गाडी चालू आहे! कॅमेरा कोरड्या जागी ठेवा. रोल संपून गुंडाळेपर्यंत झाकण उघडू नका.

आणि आजोबांची पंचाहत्तरी असेल, तर आई-बाबांना सांगा, मोबाइलवरही एक फोटो काढा. रोल दुसरा मिळेल, तो दिवस नाही.