विहिरीकाठची भेट आणि पंडिता रमाबाई

योहानाच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. पाच नवरे झालेली, यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा समाजातली ही बाई. तिच्याशीच तो खऱ्या उपासनेविषयी बोलतो. शिष्यही चकित होतात.

पंडिता रमाबाईंनी हा अध्याय इंग्लंडमध्ये वाचला. त्याआधी लंडनच्या फुलहॅममध्ये ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना मायेनं सांभाळताना त्यांनी पाहिल्या होत्या. त्या मायेचं मूळ त्यांना इथे सापडलं. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण वचनाची खरी कसोटी आचरणात, आणि रमाबाई तिला उतरल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या, केडगावला आसरा दिला, शिकवलं, हाताला काम दिलं. समाजानं दार लावलेल्या स्त्रियांसाठी तिथेच ‘कृपासदन’ही उभं राहिलं.