गणितात कच्चा, म्हणजे नेमका कशात?

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बारा वर्षांचा एक मुलगा नारळ विकायचा. नारळ 35 क्रुझेरोंना एक. चारांचे किती, असं गिऱ्हाइकानं विचारलं, तेव्हा त्यानं तिनांचे 105 धरले, त्यात आधी 30 आणि मग 5 मिळवले आणि 140 सांगितले. हे गिऱ्हाईक म्हणजे संशोधकच. पुढे त्याच मुलासमोर कागदावर 35 गुणिले 4 ठेवलं. पाच चोक वीस, हातचे दोन. दोन नि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर 200!

हातचा गुणाकारानंतर मिळवायचा, त्यानं तो आधीच मिळवला. पण पेपर तपासणाऱ्याला दिसते ती फक्त चूक. शेरा ठरलेला: गणितात कच्चा.

तेरेझिन्हा नुनेस आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं पाचच होती, पण आकडे बोलके होते: बाजारात 98.2 टक्के उत्तरं बरोबर, कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत 36.8 टक्के. तीच उदाहरणं गोष्टीरूपात घातली तर 73.7. पाच मुलांवरून काय ठरवायचं, अशी शंका रास्तच. मात्र 2025 मध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदींनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांबाबत असंच चित्र मांडलं. उलट बाजूही दिसली: शाळेतली साधी आकडेमोड अधिक अचूक करणारी, बाजारात काम न करणारी मुलं बाजारातल्या हिशेबापाशी अडखळली. म्हणजे ‘हुशार’ हा शेराही अर्धवटच.

शिक्षकांना मुलं ओळखता येत नाहीत, असं मात्र नाही. 75 अभ्यास एकत्र करून 2012 साली झालेल्या विश्लेषणात शिक्षकांचा अंदाज आणि मुलांची चाचणीतली कामगिरी यांचा सहसंबंध सरासरी 0.63 निघाला, तंतोतंत जुळलं असतं तर 1. अंदाज बरा म्हणायचा. पण तो चाचणीपुरता, आणि चाचणीला कागदाबाहेरचं गणित दिसत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या घरगुती कारखानदारीत हातभार लावणाऱ्या मुलांचं मोजमाप नि हिशेब अभ्यासले. तसं गणित प्रगतिपुस्तकात कुठे येतं?

पुढची घटक चाचणी तपासून झाली की, शिक्षकहो, उत्तर चुकलेली चार-पाच मुलं जवळ बोलवा आणि तेच उदाहरण त्यांच्याकडून तोंडी करून घ्या. एखादी तासिका जाईल, पण तेवढ्यानं पोर्शन मागे पडत नाही.