चाचणी मोबाईलवर आली, प्रश्न मात्र पाठांतराचेच! ऑनलाइन चाचणीसाठी प्रश्नांचे प्रकार कसे निवडावेत?

एप्रिल लागला की आपल्या वस्त्यांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑनलाइन प्रश्नमंजूषांच्या लिंक फिरू लागतात. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन आला की पुन्हा तेच, डिसेंबरात महापरिनिर्वाण दिनाला पुन्हा तेच. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि शेवटी नाव टाकले की रंगीत प्रमाणपत्र. यामागची कार्यकर्त्यांची मेहनत खरी आहे. पण प्रश्न उघडून पाहिले तर जन्म कुठे झाला, साल कोणते, तारीख कोणती, याच्या पलीकडे फारसे काही सापडत नाही. मुले शेजारच्या टॅबमध्ये गुगल उघडतात आणि शंभर टक्के गुण मिळवतात. ज्या महामानवाने आयुष्यभर प्रश्न विचारले, तो आपल्याच मुलांपुढे तारखांची यादी होऊन बसतो.

हीच अडचण विहारांमधल्या अभ्यासिकांत वेगळ्या रूपात दिसते. शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीतली एनएमएमएस, नवोदय प्रवेश यांचे सराव आता बहुतेक ठिकाणी गुगल फॉर्मवर घेतले जातात. एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मजुरी करणाऱ्या घरात या रकमेवर मुलीचे शिक्षण पुढे चालू राहू शकते. म्हणून सरावाचा फॉर्म कसा बनवला जातो, ही किरकोळ बाब नाही. आम्ही इथे प्रश्नांच्या प्रकारांबद्दल लिहीत आहोत ते त्यासाठी.

आधी एक जुनी गोष्ट. अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात पञ्हब्याकरण सुत्त आहे. तथागत तिथे सांगतात की प्रश्न चार प्रकारचे असतात. काहींचे उत्तर सरळ, एकाच बाजूने देता येते, ते एकंसब्याकरणीय. काहींचे उत्तर विभागून, फोड करून द्यावे लागते, ते विभज्जब्याकरणीय. काहींना उलट प्रश्न विचारूनच उत्तर द्यावे लागते, ते पटिपुच्छाब्याकरणीय. आणि काही बाजूला ठेवायचे असतात, ते ठपनीय. चाचणी बनवणाऱ्याला याहून चांगली सुरुवात आम्हाला माहीत नाही. फॉर्म उघडण्याआधी प्रत्येक प्रश्नाबद्दल ठरवा, हा या चारांपैकी कोणता? मग कोणते बटण दाबायचे ते आपोआप कळते.

सरळ उत्तराच्या प्रश्नांना बहुपर्यायी प्रकार योग्यच आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. अडचण असते ती चुकीच्या पर्यायांत. ‘चवदार तळ्याचा सत्याग्रह कोणत्या साली झाला?’ असे विचारून खाली १९२५, १९२६, १९२७, १९३० ठेवले की मुलाने काहीही निवडले तरी त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते कळत नाही. त्याऐवजी असे विचारून पाहा: मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले असल्याचा ठराव केला. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी का प्यावे लागले? पर्याय ठेवा: ठरावाची मुदत संपली होती, ठराव कागदावर होता, प्रत्यक्षात पाणी घेऊ दिले जात नव्हते, तळे खासगी असल्याचा निकाल कोर्टाने दिला होता, तळ्याचे पाणी आटले होते.

यातला तिसरा पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे. तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा सवर्णांनी सत्याग्रहानंतर केला, तो खटला हायकोर्टापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल आपल्या बाजूने लागला. ज्या मुलाने अर्धवट ऐकले आहे तो हा पर्याय निवडेल. गुगल फॉर्ममध्ये चुकीच्या उत्तरासाठी वेगळा अभिप्राय लिहिण्याची सोय आहे. तिथे ही दोन वाक्ये लिहा. मूल चुकेल, पण चुकताना १९३७ चा निकाल शिकून जाईल. अभिप्रायाची ही जागा बहुतेक जण रिकामी सोडतात. आमच्या मते संपूर्ण फॉर्ममधली सर्वात मौल्यवान जागा तीच आहे.

दोन बारीक गोष्टी. बरोबर उत्तर सर्वात लांब लिहिण्याची सवय प्रश्न काढणाऱ्यांना असते आणि मुलांना ती चटकन कळते. दुसरे, पर्यायांचा क्रम बदलत राहण्याची सोय चालू केली असेल तर ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय ठेवू नका. तो कधी सर्वात वर येऊन बसतो आणि मग ‘वरील’ म्हणजे काय, हे प्रश्न काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता फोड करून सांगायचे प्रश्न. इथे चूक की बरोबर हा प्रकार सर्वात जास्त वापरला जातो आणि सर्वात जास्त नुकसान तोच करतो. कालाम सुत्ताचे उदाहरण घ्या. ‘आपल्या बुद्धीला पटेल तेच स्वीकारा, असे कालाम सुत्त सांगते: चूक की बरोबर?’ हा प्रश्न आपल्या कितीतरी चाचण्यांत असतो आणि ‘बरोबर’ला गुण दिले जातात. पण मूळ सुत्तात परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथ यांच्याबरोबर केवळ तर्कावर विसंबू नका आणि हा श्रमण आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका, असे सांगितले आहे. काय कुशल आहे, काय अकुशल आहे, सुज्ञ कशाची निंदा करतात, कशाने अहित होते, हे स्वतः जाणून मग सोडा किंवा स्वीकारा, असा त्याचा रोख आहे. ज्या मुलीने सुत्त नीट वाचले आहे तिचेच गुण या चाचणीत जातील!

यासाठी फॉर्ममध्ये ‘मल्टिपल चॉइस ग्रिड’ नावाचा प्रकार आहे, म्हणजे ओळी आणि स्तंभांचा तक्ता. ओळींत लिहा: परंपरेने चालत आले म्हणून, तर्काला पटते म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून, स्वतः पाहिले की हिताचे आहे आणि सुज्ञही त्याची प्रशंसा करतात म्हणून. स्तंभ दोनच: ‘एवढ्यावरून स्वीकारू नये’ आणि ‘स्वीकारावे’. प्रत्येक ओळीला स्वतंत्र गुण देता येतात. कुठे अडखळले ते मुलालाही कळते, आपल्यालाही.

अनेक बरोबर उत्तरांचा चेकबॉक्स प्रकार याच्या जवळचा, पण त्यात एक खोच आहे. फॉर्म इथे सगळे किंवा काहीच नाही असे गुण देतो. तीन बरोबर पर्यायांपैकी दोन निवडले तरी शून्य. म्हणून लहान मुलांसाठी तो जपून वापरावा. मोठ्या मुलांच्या शिष्यवृत्तीच्या सरावात मात्र तो हवाच, कारण त्या परीक्षेत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही नोंदवावेच लागतात. आमच्या पाहण्यातल्या बऱ्याच सराव फॉर्ममध्ये असा एकही प्रश्न नसतो. मूल असा प्रश्न पहिल्यांदा थेट परीक्षेच्या हॉलमध्ये पाहते.

क्रम लावण्याचा स्वतंत्र प्रकार गुगल फॉर्ममध्ये नाही, पण तक्त्यातूनच तो जमतो. ओळींत ‘प्रबुद्ध भारत’, ‘मूकनायक’, ‘जनता’, ‘बहिष्कृत भारत’. स्तंभांत पहिले, दुसरे, तिसरे, चौथे. एका स्तंभात एकच उत्तर अशी मर्यादा सेटिंगमध्ये घालता येते. १९२०, १९२७, १९३०, १९५६ ही साले पाठ नसली तरी नावांच्या अर्थावरून मुले विचार करू लागतात. आधी मुका माणूस बोलला, मग बहिष्कृतांनी स्वतःचा भारत मांडला, मग जनता, मग प्रबुद्ध. क्रम कळला की साल लक्षात राहायला सोपे जाते.

तिसरा प्रकार, उलट प्रश्न विचारण्याचा, आम्हाला सर्वात जवळचा वाटतो. मिलिंद राजाने नागसेनांना प्रश्न विचारला तेव्हा नागसेनांनी उत्तर दिले नाही, उलट विचारले: महाराज, आपण रथातून आलात ना? मग आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्या परिसराला नागसेनवन हे नाव दिले, ते उगाच नाही.

हे फॉर्ममध्ये करता येते. चाचणीचे विभाग पाडा आणि बहुपर्यायी प्रश्नाला ‘उत्तरानुसार विभागावर जा’ ही सोय लावा. समजा प्रश्न आहे: एका वस्तूची किंमत २० टक्के वाढली, मग २० टक्के कमी झाली, तर मूळ किमतीत काय फरक पडला? पुष्कळ मुले ‘काहीच नाही’ असे म्हणतात. त्यांना ‘चूक’ असा शिक्का मारून पुढे ढकलू नका. त्या पर्यायाला एका छोट्या विभागाशी जोडा. तिथे विचारा: वस्तू १०० रुपयांची होती, वाढल्यावर किती झाली? आता या नव्या किमतीचे २० टक्के किती? मूल १२० लिहिते, २४ लिहिते आणि ९६ वर स्वतःच येऊन थांबते. शिक्षक समोर नसतानाही शिकवणे झाले. या पोटप्रश्नांना गुण ठेवू नका, नाहीतर मुलामुलांची बेरीज वेगवेगळी होते. मागे जाऊन मूल उत्तर बदलू शकते, हेही लक्षात असू द्या; सरावासाठी ते चांगलेच आहे.

लघुत्तराचा प्रकार दिसायला सोपा, मराठीत मात्र त्रासाचा. फॉर्म अक्षर जुळवून पाहतो. ‘दीक्षाभूमी’ची वेलांटी चुकली की उत्तर चूक. साल मराठी अंकात लिहिले आणि उत्तरसूचीत इंग्रजी अंक असले, तरी चूक. ज्यांच्या घरी शुद्धलेखन शिकवणारे कोणी नाही त्यांचेच गुण यात जातात, हे आपण तरी विसरू नये. म्हणून उत्तरसूचीत शक्य तेवढी रूपे टाका, अंक कोणत्या लिपीत लिहायचे ते प्रश्नातच सांगा आणि निकाल लगेच जाहीर न करता स्वतः तपासून मग सोडा. ती सेटिंग उपलब्ध आहे. खुद्दकपाठात श्रामणेराला विचारलेले दहा प्रश्न आहेत, ‘एक म्हणजे काय?’पासून सुरू होणारे. पहिल्याचे उत्तर ‘एक’ नाही. सर्व प्राणी आहारावर टिकून आहेत, असे आहे. लघुत्तर असेही असू शकते, फक्त ते यंत्राने तपासायचे नाही.

दीर्घोत्तर प्रत्येक चाचणीत एक तरी असावे. मोबाईलवर मराठी टाइप करणे ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी बोलून टाइप करण्याची सोय दाखवून द्या किंवा उत्तर वहीत लिहून त्याचा फोटो मागा. फोटो फॉर्ममध्ये अपलोड करायचा तर गुगल खात्याने लॉगिन करावे लागते. घरात एकच फोन, तोही वडिलांच्या खात्यावर, ही स्थिती असेल तर तो फोटो व्हॉट्सॲपवर घेतलेला बरा.

उरला ठपनीय. मालुंक्यपुत्ताने जगाच्या शाश्वततेबद्दल विचारले, तेव्हा तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला देऊन तो प्रश्न बाजूला ठेवला. आपल्या फॉर्ममध्येही बाजूला ठेवावेत असे प्रश्न आहेत. ‘तुम्ही बावीस प्रतिज्ञा पाळता का?’ याला गुण ठेवणे म्हणजे मुलांना खोटे बोलायला शिकवणे. प्रतिज्ञांचा अर्थ विचारा, आचरणाची हजेरी घेऊ नका. आणि फॉर्मच्या सुरुवातीला जो तपशील मागितला जातो, पोटजात, घरचा पत्ता, मुलींचा मोबाईल नंबर, त्याची चाचणीला काय गरज? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची संमती लागते. नाव, इयत्ता आणि अभ्यासिकेने दिलेला क्रमांक एवढे पुरेसे आहे. भरलेल्या उत्तरांची शीट कोणाकोणाला दिसते, तेही एकदा उघडून पाहा.

फॉर्म पाठवण्याआधी तो वेगवेगळ्या इयत्तांच्या तीन मुलांकडून समोर बसवून सोडवून घ्या. ती कुठे थांबतात, कुठे ‘म्हणजे काय?’ विचारतात, ते लिहून ठेवा. चाचणी झाल्यावर ‘प्रतिसाद’ या भागात प्रत्येक प्रश्नाचा आलेख मिळतो. ज्या प्रश्नाला सगळे बरोबर आले तो पुढच्या वेळी काढा. ज्यात निम्म्याहून अधिक मुलांनी एकच चुकीचा पर्याय निवडला आहे, तो प्रश्न घेऊन पुढच्या रविवारी विहारात फळ्यासमोर बसा.