तीस जूनचा हिशेब

2024 सालच्या जून महिन्याचा अखेरचा आठवडा उजाडला, तेव्हा इंग्लंडमधील प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा हंगाम सरून महिना उलटला होता आणि नव्या हंगामाला आणखी दीड महिन्याचा अवकाश होता. परंतु अशा निवांत काळात तेथील काही नामांकित क्लबांच्या कचेऱ्यांत एकाएकी विलक्षण धांदल उडाली. ॲस्टन व्हिलाने टिम इरोएगबुनाम हा तरुण खेळाडू एव्हर्टनला विकला आणि लगोलग एव्हर्टनकडून लुईस डॉबिन विकत घेतला. चेल्सीचा इयान मात्सेन व्हिलाकडे गेला, तर व्हिलाचा ओमारी केलीमन चेल्सीकडे आला. आणि त्याच सुमारास न्यूकॅसलने आपल्या अंगाखांद्यावर वाढलेला एलियट अँडरसन नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या हवाली केला. यातील अनेक सौद्यांचा अर्थ केवळ खेळाच्या दृष्टीने पाहणाऱ्यास लागणे कठीण होते. ज्यास प्रीमियर लीगचे हिशेबाचे नियम ठाऊक होते, त्याला मात्र एवढे आठवणे पुरेसे होते, की बहुतेक क्लबांचे हिशेबी वर्ष तीस जूनला संपते.

या नियमांचे मर्म समजण्यासाठी प्रथम खेळाडूची किंमत जमाखर्चात कशी मांडली जाते, ते पाहिले पाहिजे. एखादा खेळाडू पाच कोटी पौंडांस पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर ती सारी रक्कम पहिल्याच वर्षी खर्ची पडत नाही. ती कराराच्या मुदतीवर समान वाटली जाऊन दरसाल एक कोटी पौंड खर्चाच्या बाजूस लिहिले जातात. विक्रीची रीत याच्या नेमकी उलट आहे. विकलेल्या खेळाडूची जी किंमत पुस्तकात शिल्लक असेल ती वजा जाता उरलेली सगळी रक्कम, पैसे हप्त्याहप्त्याने येणार असले तरी, त्याच वर्षीचा नफा म्हणून जमेस धरली जाते. म्हणून दोन क्लबांनी सारख्याच किमतीच्या दोन तरुण खेळाडूंची अदलाबदल केली, तर वस्तुतः कोणाच्याही तिजोरीत पैची भर पडत नाही. परंतु दोघांच्याही पुस्तकांत नफा आजच उभा राहतो आणि खर्च मात्र पुढील पाच वर्षांवर पांगतो. त्यातही जो मुलगा क्लबच्या स्वतःच्या अकादमीत लहानाचा मोठा झाला, त्याची पुस्तकी किंमत शून्य असल्यामुळे त्याच्या विक्रीचा प्रत्येक पौंड हा निव्वळ नफाच ठरतो. या एका हिशेबी तत्त्वाने गेल्या काही वर्षांत खेळाडूंच्या बाजाराला जे वळण लावले, ते कोणत्याही प्रशिक्षकाच्या डावपेचांना लावता आले नसते.

असे नियम करण्याची पाळी का आली, याचे उत्तर त्यापूर्वीच्या काही दिवाळखोऱ्यांत सापडते. लीड्स युनायटेड या क्लबने चॅम्पियन्स लीगमधील भावी प्राप्तीच्या भरवशावर आणि पुढील काळातील तिकीटविक्रीचे उत्पन्न तारण ठेवून प्रचंड कर्ज काढले. 2001 साली त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत त्याने मजलही मारली. पण अपेक्षित उत्पन्न हाती न आल्यामुळे एकेक मोहरा विकत विकत 2004 साली तो खालच्या श्रेणीत गेला आणि त्याच वर्षी त्याला आपले मैदानही विकावे लागले. पोर्ट्समथने 2008 साली एफ.ए. चषक जिंकला आणि अवघ्या दोन वर्षांत, फेब्रुवारी 2010 मध्ये, धनकोंची देणी न भागल्यामुळे प्रशासकाच्या ताब्यात जाणारा प्रीमियर लीगमधील पहिला क्लब अशी अपकीर्ती पदरात घेतली. अशा वेळी खेळाडूंना दुसरा क्लब मिळतो, मालकही निघून जातो. गावचे पाठीराखे आणि बाकी थकलेले लहान व्यापारी तेवढे मागे राहतात. युरोपातील सर्वोच्च क्लबांचा एकत्रित तोटा 2011 साली सुमारे 170 कोटी युरोंवर गेला, तेव्हा मिशेल प्लाटिनी यांच्या अध्यक्षतेखालील युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने आधीच मंजूर केलेल्या नियमांची निकड सर्वांनाच पटली. क्लबाने खेळातून मिळवावे आणि तेवढ्यातच भागवावे, हे त्या नियमांचे साधे सूत्र होते.

प्रीमियर लीगने 2013 साली याच धर्तीवर आपला स्वतंत्र नियम केला. तीन वर्षांच्या मुदतीत क्लबाचा तोटा 10 कोटी 50 लाख पौंडांहून अधिक होता कामा नये. त्यातही दीड कोटीच्या पलीकडचा तोटा मालकाने स्वतःचे भांडवल घालून भरून काढला पाहिजे. आणि अकादमी, महिलांचा संघ, मैदानाची उभारणी व समाजकार्य यांवरील खर्च मात्र या हिशेबातून वगळावा, अशी त्याची रचना होती. खेळाडूंच्या किमती व पगार दरसाल चढत राहिले, तरी ही मर्यादा पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तसूभरही हलली नाही. परिणामी, जो नियम आरंभी केवळ उधळ्या क्लबांना लगाम घालील असे वाटले होते, तो कालांतराने बऱ्याच सरळमार्गी क्लबांच्याही गळ्याशी आला.

नियमाला दात आहेत याची प्रचीती 2023-24 च्या हंगामात आली. एव्हर्टनचा तोटा हिशेबाच्या मुदतीत 12 कोटी 45 लाख पौंडांवर, म्हणजे मर्यादेहून 1 कोटी 95 लाख पौंडांनी अधिक गेल्याचे स्वतंत्र आयोगाने ठरविले आणि नोव्हेंबर 2023 मध्ये त्याचे दहा गुण एका फटक्यात वजा केले. अपिलात ही शिक्षा सहा गुणांवर आली, परंतु त्यानंतरच्या मुदतीच्या हिशेबापायी आणखी दोन गुण गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टची कथा अधिक उद्‌बोधक आहे. 2022 साली वरच्या श्रेणीत परतताच या क्लबाने एका हंगामात वीसहून अधिक खेळाडू घेतले. आणि मुदतीतील काही वर्षे तो खालच्या श्रेणीत असल्यामुळे त्याची मर्यादा 6 कोटी 10 लाख पौंडांचीच होती, ती त्याने 3 कोटी 45 लाखांनी ओलांडली. त्याच्यापाशी ब्रेनन जॉन्सन हा अकादमीत वाढलेला गुणी आघाडीपटू होता. तो तीस जूनपूर्वी विकला असता तर हिशेब पुष्कळसा जुळला असता. परंतु घाईने विकल्यास किंमत कमी येईल म्हणून क्लब थांबला आणि 1 सप्टेंबर 2023 रोजी त्याने तो टॉटेनहॅमला सुमारे 4 कोटी 75 लाख पौंडांना दिला. थांबल्यामुळे आमचे उत्पन्न वाढले, म्हणजे नियमाचा हेतूच साधला गेला, असा त्याचा युक्तिवाद होता. आयोगाने तो मान्य केला नाही आणि मार्च 2024 मध्ये फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. दोन्ही क्लब खालच्या श्रेणीत जाण्यापासून बचावले. परंतु बाजाराने यातून जो धडा घेतला तो असा, की मुदतीनंतर आलेल्या चांगल्या किमतीपेक्षा मुदतीपूर्वी आलेली बेताची किंमत अधिक मोलाची असते. त्याच वर्षीच्या जूनमधील ती धांदल याच धड्याचे फळ होती.

या व्यवहारात सर्वांत अधिक होरपळतो तो घरचा मुलगा. वर्षअखेरीस देणे भागविण्यासाठी शेतकऱ्याने विकत आणलेला बैल ठेवावा आणि गोठ्यात जन्मलेले वासरू बाजारात न्यावे, कारण त्याच्या वहीत वासरापुढे किंमतच मांडलेली नाही, तशातला हा प्रकार आहे. अँडरसन वयाच्या आठव्या वर्षापासून न्यूकॅसलचा. त्याच्या क्लबाची मालकी 2021 पासून सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीकडे, म्हणजे जगातील अतिशय धनाढ्य मालकांपैकी एकाकडे. तरीही तोट्याची मर्यादा सांभाळण्यासाठी त्या क्लबाला हाच मुलगा सोडावा लागला आणि पुढच्याच वर्षी तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात जाऊन बसला. बालपणापासून चेल्सीत घडलेले मेसन माउंट आणि कॉनर गॅलाघर यांनाही अनुक्रमे 2023 आणि 2024 साली क्लब सोडावा लागला. अकादमीवरील खर्च हिशेबातून वगळून नियमकर्त्यांनी तरुणांच्या संगोपनास उत्तेजन दिले हे खरे. परंतु त्या संगोपनाचे फळ संघात ठेवण्यापेक्षा विकणे अधिक किफायतशीर ठरावे, अशी व्यवस्थाही त्याच हिशेबातून नकळत उभी राहिली.

जेथे नियम येतो तेथे त्यातील वाटा शोधणारी बुद्धीही येते. चेल्सीने जानेवारी 2023 मध्ये एन्झो फर्नांडिस या अर्जेंटिनी खेळाडूसाठी 10 कोटी 68 लाख पौंड मोजले आणि त्याच्याशी साडेआठ वर्षांचा करार केला. त्यामुळे वार्षिक खर्च सव्वा कोटीच्या आसपास राहिला, जो पाच वर्षांच्या करारात दोन कोटींहून अधिक झाला असता. युएफाने त्याच वर्षी, आणि पाठोपाठ प्रीमियर लीगनेही, किंमत वाटण्याची मुदत कमाल पाच वर्षांवर आणून ही वाट बुजविली. पुढे त्याच क्लबाने आपली दोन हॉटेले एका भगिनी कंपनीला 7 कोटी 65 लाख पौंडांना आणि महिलांचा संघ मूळ मालक कंपनीला सुमारे वीस कोटींना विकून नफा दाखविला. प्रीमियर लीगच्या तत्कालीन नियमांत हे बसले; युएफाच्या नियमांत बसले नाही, आणि जुलै 2025 मध्ये तिने हिशेबाचे नियम मोडल्याबद्दल चेल्सीला 3 कोटी 10 लाख युरोंचा दंड केला. इटलीत युव्हेंटसवर तर अदलाबदलीतील खेळाडूंच्या किमती फुगवून नफा दाखविल्याचा ठपका आला: 2022-23 च्या हंगामात पंधरा गुण कापले गेले, ते मध्यंतरी परत मिळाले आणि अखेरीस दहा गुण पुन्हा वजा झाले.

स्पेनने या बाबतीत निराळी पद्धत स्वीकारली आहे. इंग्लंडमध्ये हिशेब मागाहून तपासला जातो. स्पॅनिश लीग मात्र हंगामापूर्वीच प्रत्येक क्लबाला खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा आखून देते आणि तीत न बसणाऱ्या खेळाडूची नोंदणीच करीत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये लिओनेल मेसीने बार्सिलोना सोडला तो याच कारणाने. निम्म्या पगारावर राहावयास तो तयार होता, क्लबालाही तो हवा होता. परंतु सव्वा अब्ज युरोंहून अधिक देण्याखाली दबलेल्या त्या क्लबाच्या मर्यादेत त्याचा निम्मा पगारही सामावेना, आणि तेराव्या वर्षापासून तेथे वाढलेला तो खेळाडू पॅरिसला गेला. ही पद्धत कठोर खरी. पण हंगाम अर्धा सरल्यावर गुणतक्त्याची उलथापालथ करण्यापेक्षा तिच्यात प्रामाणिकपणा अधिक आहे, असे मानावयास जागा आहे.

आता या नियमांवरील सर्वांत गंभीर आक्षेपाचा, म्हणजे ते लहान क्लबांची वर चढण्याची वाटच बंद करतात याचा, विचार करावयाचा, तर लँकशायरमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबाकडे वळणे इष्ट होईल. आणि पुण्याच्या वाचकांना हे नाव परके नाही. पोलादाच्या व्यापारात गडगंज झालेले जॅक वॉकर हे त्याच गावचे. त्यांनी 1991 साली क्लबाची सूत्रे हाती घेतली, केनी डॅल्ग्लिश यांना व्यवस्थापक म्हणून आणले, 1992 साली ॲलन शिअररला 33 लाख पौंडांना घेतले, आणि 1995 साली, एक्क्याऐंशी वर्षांच्या खंडानंतर, ब्लॅकबर्न इंग्लंडचे अजिंक्यपद घेऊन बसले. वॉकर यांनी घातलेला पैसा त्यांचा स्वतःचा होता; आजचे नियम तेव्हा असते, तर क्लबाच्या तुटपुंज्या उत्पन्नावर एवढा खर्च करण्याची मुभा त्यांना मिळाली नसती. पुढे 2010 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या व्यंकीज समूहाने हा क्लब घेतला, तेव्हा काळ पालटला होता. 2012 साली संघ खालच्या श्रेणीत गेला. डिसेंबर 2014 मध्ये, तोटा त्या श्रेणीतील 80 लाख पौंडांच्या मर्यादेबाहेर गेल्यामुळे, त्याच्यावर खेळाडूखरेदीचे निर्बंध आले. 2017 साली तो आणखी एक पायरी उतरला आणि वर्षभराने परतला. या घसरणीस कारभारातील चुकाही कारण झाल्या, हे नाकारण्याचे प्रयोजन नाही; परंतु वॉकर ज्या वाटेने वर चढले ती वाट व्यंकीजपुढे उरलेली नव्हती, हेही तितकेच खरे. गावचाच मुलगा, सहाव्या वर्षापासून क्लबात असलेला ॲडम व्हार्टन, फेब्रुवारी 2024 मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला गेला आणि चारच महिन्यांत युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात निवडला गेला.

प्रीमियर लीगच्या क्लबांनी नोव्हेंबर 2025 मध्ये तोट्याचा जुना नियम मोडीत काढून 2026-27 पासून नवा मापदंड स्वीकारण्याचे ठरविले: संघावरील खर्च, म्हणजे पगार, खरेदीचा वार्षिक वाटा आणि दलालांची दलाली मिळून, उत्पन्नाच्या 85 टक्क्यांच्या आत असावा. युएफाच्या स्पर्धांत हेच प्रमाण 70 टक्क्यांचे आहे. हा मापदंड समजण्यास सोपा असला, तरी ज्याचे उत्पन्न मोठे त्यालाच अधिक खर्चाचा अधिकार देणारा आहे; शिवाय खेळाडूविक्रीचा नफा येथेही उत्पन्नाच्या बाजूस धरला जाणार असल्यामुळे घरच्या मुलाच्या विक्रीचा मोह सुटणार नाही. आर्थिक शिस्तीची आवश्यकता लीड्स आणि पोर्ट्समथ यांनी सप्रमाण सिद्ध केलेली आहे, आणि ती शिथिल करावी असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. परंतु लीड्सने उडविला तो कर्जाचा पैसा होता आणि ब्लॅकबर्नला मिळाला तो मालकाने परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेला. पहिल्याने क्लब बुडतो. दुसऱ्याने, देणारा पुढील करारांच्या देण्याची रक्कम आगाऊ अनामत ठेवावयास तयार असेल तर, क्लब बुडण्याचे कारण नाही. जुन्या नियमाने मालकाच्या भांडवलास नऊ कोटींपुरती तरी जागा ठेवली होती. नव्या मापदंडाने सारा भार उत्पन्नावर टाकला. अशा अनामतीची अट घालून मालकाच्या देणगीस जागा ठेवणे आणि अकादमीतल्या मुलाच्या विक्रीचा नफाही खरेदीच्या खर्चाप्रमाणे पाच वर्षांवर वाटणे, एवढ्या दोन दुरुस्त्या झाल्या, तरी लहान क्लबांना वर चढण्याची शिडी पुन्हा मिळेल, आणि तीस जूनच्या आत गावचा मुलगा विकण्याची निकड पुष्कळशी ओसरेल.