मुलाची तक्रार ऐकायची कोणी?



आजचा विषय कुमारवयातील मुलांच्या मनाच्या दुखण्याचा आणि त्यावरील उपचारांचा आहे. मी डॉक्टर नव्हे, प्राध्यापकही नव्हे. तीस वर्षे कामगार संघटनेचे काम केले, आणि जे काही वाचन झाले ते लोकलच्या डब्यात आणि युनियनच्या कचेरीत. तरीही हा विषय मी मागून घेतला. कारण तक्रार ऐकून घेणे हा माझा रोजचा उद्योग आहे, आणि मनाच्या उपचाराची सुरुवातही तेथूनच होते.

प्रथम दुखणे केवढे आहे ते पाहू. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी शेकडा ७.३ मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार मुले. आणि २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारदरबारी नोंद आहे. एखाद्या कारखान्यात इतके अपघात झाले असते तर आपण चौकशी समिती मागितली असती. येथे मात्र ‘हल्लीची मुले हळवी’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

मानसोपचार म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे वेड्यांचे इस्पितळ उभे राहते. वस्तुतः बहुतेक मुलांना लागणारा उपचार हा बोलण्याचा असतो. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी, आणि पुढे १९६० नंतर अॅरन बेक यांनी, या उपचाराला शिस्तशीर रूप दिले. त्याचे मर्म सोपे आहे. घटना आणि भावना यांच्यामध्ये एक विचार बसलेला असतो. चाचणीत गुण कमी पडले, ही घटना. ‘मी कशाच्याच लायकीचा नाही, आईबापांना भार आहे’, हा विचार. मग मूल उदास होते, मित्र टाळते, अभ्यास सोडते, आणि पुढच्या चाचणीत गुण आणखी घसरतात. समुपदेशक मुलाला उपदेश करीत नाही. तो त्या विचाराला पुरावा मागतो, आणि सोडलेली कामे एकेक करून पुन्हा हाती घ्यायला लावतो. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापलेल्या संस्थेने हा विवेकाचा विचार मराठी घरांपर्यंत नेला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

पण तज्ज्ञ मोजके आणि मुले कोट्यवधी. मग करायचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने बिहारात शोधले. नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळा घेऊन त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात प्रशिक्षण दिलेला एक बाहेरचा माणूस नेमला; तो मानसशास्त्राचा पदवीधर असण्याची अट नव्हती. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवले. तिसऱ्या गटात यांपैकी काहीच केले नाही. काम साधे होते : मनातले लिहून टाकण्यासाठी एक पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणे. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाहेरचा माणूस होता त्या शाळांत वातावरण स्पष्ट सुधारले, दांडगाई कमी झाली, मुलांची उदासीही उतरली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळा मात्र काहीच न केलेल्या शाळांसारख्याच राहिल्या.

शिक्षक वाईट असतात, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर असतो. शिवाय एक गोष्ट कामगाराला पुस्तकाशिवाय कळते. ज्याच्या हातात हजेरी आणि पगार, त्याच्यापाशी कोणी मन मोकळे करीत नाही. मुकादमाविरुद्धची तक्रार मुकादमाच्याच पेटीत कोण टाकील? ज्याच्या हाती गुणपत्रिका, त्याच्याजवळ मुलगा ‘मला जगावेसे वाटत नाही’ असे कसे म्हणेल? आणि आपण आईबापही या बाबतीत थोडेफार मुकादमच असतो. म्हणून मुलाने आपल्याऐवजी दुसऱ्या भल्या माणसाजवळ मन मोकळे केले, तर त्याचा राग मानू नये. समुपदेशकाने मुलाचे बोलणे गुप्त ठेवले, तरी उकरून विचारू नये. जिवाला धोका असेल तर ते तो आपल्याला सांगतोच. तेवढा अपवाद त्या गुप्ततेला असतो.

अर्थात या उपायालाही मर्यादा आहेत. दिल्लीतील सहा सरकारी शाळांत याच धर्तीवर दुसरा प्रयोग झाला. अडचण नेमकी कोणती, मार्ग कोणते, आणि त्यांतला एक करून पाहणे, अशा पायऱ्यांनी तीन आठवड्यांत चार-पाच बैठका घेतल्या. एकेक बैठक जेमतेम अर्ध्या तासाची. नुसती पुस्तिका दिलेल्या मुलांपेक्षा या मुलांनी आपल्या अडचणी अधिक हलक्या झाल्याचे सांगितले. परंतु आजाराच्या लक्षणांत सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे अडचण आणि आजार यांत भेद केला पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, शाळा आणि सोबती हे सारेच बिघडले, चिडचिड वाढली, मूल स्वतःला इजा करू लागले किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर मनोविकारतज्ज्ञाकडेच गेले पाहिजे. तेथे कधी औषधही लागते, आणि त्यात कमीपणा नाही. ‘जिवाचे काही करावेसे वाटते का?’ असे मुलाला सरळ विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट मनावरचे ओझे उतरते. असे उत्तर आले तर मुलाला एकटे सोडू नये.

आता हक्काचे बोलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसोपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे, आणि आरोग्यविम्यात शरीराचे व मनाचे आजार सारखेच धरावेत असे विमा कंपन्यांना बजावले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतूनही बोलता येते. हा आकडा घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे. शिकवणीचे वर्गही यातून सुटलेले नाहीत.

पण किमान वेतनाचा कायदा झाला म्हणून कोणाच्या हातात आपोआप पैसे पडले नाहीत; ते मागावे लागले. तसेच हेही आहे. येत्या जूनमध्ये पालकसभा भरेल. तेथे चार पालकांनी एकत्र उभे राहून विचारावे : आपल्या शाळेत समुपदेशक आहे का? तो कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत बसतो? त्या खोलीचे दार लावता येते का? आणि त्याच्याकडे परीक्षेचे किंवा शिस्तीचे काम तर दिलेले नाही ना? उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे, म्हणजे पुढच्या सभेत तेथूनच विचारता येईल.