पट अकरा, वर्ग चार

शाळेच्या दारात एक हातभर काळा फळा टांगलेला आहे. रोज प्रार्थना संपली की गुरुजी त्यावर खडूनं लिहितात : मुलगे ६, मुली ५, पट ११, हजर १०. गेल्या पावसाळ्यात मी सह्याद्रीच्या कुशीतल्या त्या वाडीवर एक अख्खा दिवस काढला. पहिलीत तीन, दुसरीत दोन, तिसरीत चार, चौथीत दोन. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. शिक्षक दोन, पण त्यातले एक तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेले. त्यामुळे उरलेले गुरुजी एका खोलीत तिसरीला वजाबाकी घालायचे, दारातूनच दुसरीच्या दोघांना वाचायला सांगायचे, आणि मधूनच खिशातला मोबाईल काढून पोषण आहाराची रोजची माहिती भरायचे. रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात येते. तिथं उभं राहून त्यांनी ती तीन वेळा पाठवली.

सरकारी कागदात या शाळेची ओळख एकाच आकड्यानं होते. पट किती? शिक्षक किती मिळणार, खर्चाला पैसे किती येणार आणि शाळा पुढं चालणार की नाही, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं. मुलांना वाचता येतं का, हा प्रश्न या साखळीत फार उशिरा येतो. पटाचा हिशेब आणि शिकण्याचा हिशेब अशी आपण फारकत केली आहे, आणि तिची किंमत लहान शाळांमधली मुलं मोजत आहेत.

ही शाळा नेमकी कुणाची, इथून सुरुवात करू. पाटीवर 'जिल्हा परिषद' असं ठळक लिहिलेलं असतं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावचं प्राथमिक शिक्षण त्यांच्या हाती आलं. कल्पना मोठी होती. गावातल्या माणसांनी निवडून दिलेले सदस्य शिक्षण समितीत बसतील, आपल्या गटातल्या शाळेचं छप्पर गळतंय, गुरुजी येत नाहीत, हे तिथं बोलतील आणि शिक्षणाधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागेल. जिल्हा परिषदेला 'मिनी मंत्रालय' हे नाव उगाच पडलेलं नाही.

आज शिक्षकाची भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते. बदली ऑनलाइन होते. पगार राज्याच्या तिजोरीतून, शालार्थ प्रणालीतून येतो. पुस्तकं बालभारतीची, आहाराचे नियम दिल्ली आणि मुंबईचे. जिल्हा परिषदेकडे इमारत, दुरुस्ती आणि देखरेख उरली. त्यातही मार्च २०२२ मध्ये २५ जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढं तीन वर्षांहून अधिक काळ तिथं प्रशासकांनीच कारभार पाहिला. इतक्या काळात वाडीवरच्या पालकानं छपराचं गाऱ्हाणं कोणत्या सदस्याकडे न्यायचं? सदस्यच नव्हता. लोकशाहीतली ही पोकळी शहरात फारशी जाणवली नाही. वाडीवर ती गळक्या पत्र्यातून दिसते.

दुसरं टोक गावात आहे. शिक्षण हक्क कायद्यानं (२००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून) प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा या समितीनं करायचा. कागदावर यापेक्षा चांगली रचना सुचवणं अवघड आहे. मी त्या वाडीवर होतो त्या दिवशी दुपारी समितीची बैठक होती. चार बाया आणि दोन बाप्ये शेतातून थेट आले, इरली दाराशी ठेवून सतरंजीवर बसले. विषय एकच होता : शाळेचं वीजबिल. गुरुजींनी वही उघडून हिशेब वाचून दाखवला, आणि लहान शाळेच्या पैशाचं गणित मला तिथं खऱ्या अर्थानं कळलं.

ते असं आहे. प्राथमिक शिक्षणावरचा बहुतांश खर्च शिक्षकांच्या पगारावर होतो आणि तो व्हायलाच हवा. शाळा चालवायला म्हणून हातात येतं ते समग्र शिक्षा अभियानातलं संयुक्त शाळा अनुदान. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. हे अनुदान पटावर ठरतं : ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. म्हणजे उरले नऊ हजार, महिन्याला साडेसातशे. यात खडू, रजिस्टरं, वीजबिल, नळाची तोटी, पंख्याची दुरुस्ती, मोबाईलचं रिचार्ज सगळं आलं. पण अकरा मुलांच्या शाळेलाही दोन खोल्या असतात, एक छप्पर असतं, पाण्याची टाकी असते. वायरमन पट विचारून मजुरी घेत नाही. अनुदान मुलांच्या संख्येनं उतरतं, खर्च मात्र इमारतीचा असतो, आणि या दोन्हींमधली फट गुरुजींच्या खिशातून किंवा लोकवर्गणीतून भरली जाते. त्या बैठकीत एका बाईनं पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून सतरंजीवर ठेवली. कुणी काही बोललं नाही. गुरुजींनी पावती फाडली.

जेवणाचंही तसंच. तांदूळ केंद्राकडून येतो. डाळ, तेल, भाजी, इंधन यांसाठी प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत, हा मे २०२५ पासूनचा दर. अकरा मुलांचे होतात चौऱ्याहत्तर रुपये अठ्ठावन्न पैसे. शंभर मुलांची आमटी एका चुलीवर होते तेव्हा सरपण अंगावर येत नाही. अकरा मुलांच्या आमटीलाही चूल पेटवावीच लागते.

आता शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. त्यामुळे पट अकरा असो की पंचावन्न, दोन शिक्षक मिळत. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं द्यायची ते ठरवण्याचे, निकष बदलले आणि वीसपर्यंत पट असलेल्या शाळेतलं दुसरं नियमित पद धोक्यात आलं. तिथं सेवानिवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक द्यायचा, असा मार्ग काढला गेला. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या त्या यासाठी. मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि नोकऱ्यांच्या काळजीपेक्षा वेगळ्या कारणासाठी. चार वर्ग एकत्र शिकवणं हे सगळ्यांत अवघड शिक्षण आहे. त्यासाठी मुलाला पहिलीपासून चौथीपर्यंत ओळखणारा माणूस लागतो. दरवर्षी बदलणारा कंत्राटी माणूस कितीही चांगला असला तरी, तिसरीतल्या मुलीचं घोडं कुठं अडतंय हे कळेपर्यंत त्याचा करार संपतो.

पट मोजण्याच्या पद्धतीतही एक खोच आहे. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत जुनीच, त्यात अलीकडे आधार वैध असलेलीच मुलं धरू लागले. ज्या मुलाच्या आधारवरचं नाव शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही ते वर्गात समोर बसलेलं असलं तरी हिशेबात नसतं. आणि ज्या भागातून दिवाळीच्या आसपास अख्खी कुटुंबं ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात तिथं सप्टेंबरचा पट आणि जानेवारीची हजेरी यांचा मेळ बसत नाही.

मग लहान शाळा मिटवून एक मोठी, सगळ्या सोयींची शाळा का करू नये? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांच्या पत्रानं 'समूहशाळा' हा शब्द आणला. त्या वेळी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा होत्या १४,७८३, त्यांतले विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर सव्वासहा मुलांमागे एक शिक्षक. पुण्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही नमुन्यादाखल उदाहरणं दिली गेली. वर्गात एकटंच बसणाऱ्या मुलाला सोबती मिळावेत, कबड्डीचे दोन संघ व्हावेत, प्रत्येक इयत्तेला शिक्षक असावा, या इच्छेत काही वाईट नाही. जिथं रस्ता आहे, गाडी रोज येते आणि पालक तयार आहेत, तिथं शाळा एकत्र आणायला माझा विरोध नाही.

पण महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय ते मुलाच्या पायांकडे बघून. मी गेलो होतो त्या वाडीवरून पुढच्या मोठ्या शाळेला जायचं तर मध्ये एक ओढा आहे. जुलैत तो मोठ्या माणसालाही ओलांडता येत नाही. गाडीचा ठेका एक वर्ष मिळतो, पुढच्या वर्षी बिलं थकतात, आणि मग सहा वर्षांच्या मुलीला घरी ठेवणं आईला सोपं वाटतं. शाळा बंद झाल्याची नोंद सरकारात होते. मुलगी घरी बसल्याची नोंद फार उशिरा होते, कधी होतही नाही.

आता त्या मागे पडलेल्या प्रश्नाकडे येऊ, शिकण्याच्या. प्रथम संस्थेचे कार्यकर्ते 'असर' सर्वेक्षणासाठी २००५ पासून गावांत घरोघर जाऊन मुलांना एक कागद वाचायला देतात. २०२४ च्या फेरीत देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी होती २३.४ टक्के. २०२२ मध्ये ती १६.३ टक्के होती, म्हणजे सुधारणा झाली. तरी चारातल्या तिघांना अजून ते जमत नाही. हा दोष पटाचा नाही. मोठ्या शाळांतही मुलं मागच्या बाकावर न वाचता बसून राहतात.

हे बदलता येतं याचं आपल्याकडचं उदाहरण एकट्या शाळेचं नाही, एका बीटचं आहे. बीट म्हणजे विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा गट. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या चाळीस शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. फरशीवर आखलेले तक्ते, दशकाचे गठ्ठे, काड्या, खडे. मुलं जमिनीवर बसून हातानं गणित करायची आणि एकमेकांना शिकवायची. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले, आणि २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'मागे हा अनुभव होता. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आपण सगळे आनंदलो, ते योग्यच होतं. पण कुमठ्याचं मोल मला वेगळं वाटतं. तिथं अधिकारी तपासायला येत नव्हत्या, शिकवायला सोबत बसत होत्या, आणि चाळीस शाळा एकमेकींच्या सोबतीनं चालल्या.

हीच सोबत मिळावी म्हणून १९९४ मध्ये केंद्रशाळा योजना आली. राज्यात ४,८६० केंद्रं झाली. आसपासच्या शाळांमागे एक केंद्रप्रमुख. त्यांनी महिन्याला शिक्षण परिषद घ्यायची, वर्गात बसायचं, अडलेल्याला हात द्यायचा. पुढं ही पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली, एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार गेला, आणि उरलेला वेळ माहिती गोळा करण्यात जाऊ लागला. लहान शाळांना वाचवायचं असेल तर आधी ही कडी भरायला हवी. शाळेला पट न बघता इमारतीपुरतं एक किमान अनुदान मिळावं, दोन नियमित शिक्षक असावेत, आणि केंद्रप्रमुखानं महिन्यातून एकदा मुलांच्या शेजारी बसून त्यांचं वाचन ऐकावं. यातलं एकही काम अशक्य नाही.

निघताना मी गुरुजींकडे शेरेबुक मागितलं. आलेल्या अधिकाऱ्यांचे शेरे त्यात होते : स्वच्छतागृह ठीक, परसबाग समाधानकारक, माहिती वेळेत भरावी. वाचनाबद्दल मागच्या चार पानांत एक ओळ नव्हती. मग त्यांनी स्वतःच टेबलाच्या खणातून एक दोनशे पानी वही काढली. प्रत्येक मुलाला चार-पाच पानं दिलेली, रोजची नोंद पेन्सिलीनं. तिसरीतल्या एका मुलीच्या पानावर आदल्या दिवशीचं लिहिलं होतं : 'सूर्य' अडतं, 'प्रकाश' जमलं. सोमवारी पुन्हा.