प्रवाळभित्तीवरील लघुजीवांचा शोध व छायाचित्रण : खुज्या समुद्रघोड्याच्या अनुषंगाने

प्रस्तावना :

स्कूबा साधनांच्या साहाय्याने प्रवाळभित्तीवर उतरणाऱ्या पाणबुड्याचे लक्ष साहजिकच कासव, शार्क किंवा माशांचे मोठे थवे यांकडे जाते. तथापि प्रवाळभित्तीवरील जीववैविध्याचा फार मोठा भाग बोटाच्या पेराएवढ्या अथवा त्याहून लहान प्राण्यांचा असतो. अशा प्राण्यांचा शोध व छायाचित्रण हा केवळ छंद मानला जात असला, तरी त्यातून प्राणिशास्त्रात मोलाची भर पडली आहे. प्रस्तुत लेखात पश्चिम प्रशांत महासागरातील खुज्या समुद्रघोड्याचे उदाहरण घेऊन या कार्यामागील शास्त्राचा आणि त्यातून उद्भवणाऱ्या एका नैतिक प्रश्नाचा विचार केला आहे.

यजमानावरून शोध :

१९६९ साली न्यू कॅलेडोनियातील नूमिया येथे जॉर्ज बार्गिबां हे मत्स्यालयासाठी समुद्रपंख्यांचे नमुने गोळा करीत होते. समुद्रपंखा हा पंख्यासारख्या फांद्या पसरणारा, प्रवाळांच्या नात्यातील वसाहती प्राणी होय. बाहेर काढलेल्या एका पंख्यावर त्यांना चिमुकल्या समुद्रघोड्यांची जोडी आढळली. पुढील वर्षी गिल्बर्ट व्हिटली यांनी या जातीचे 'हिप्पोकॅम्पस बार्गिबान्टी' असे नामकरण केले. म्हणजे हा प्राणी प्रथम सापडला तो कोणी त्याला शोधत असताना नव्हे, तर त्याच्या यजमानाची तपासणी होत असताना. शोधाची खरी पद्धतही हीच आहे.

जेमतेम अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढणारा हा समुद्रघोडा 'म्युरिसेला' या प्रजातीच्या समुद्रपंख्यावरच राहतो. त्याच्या अंगावरील गाठी पंख्याच्या मिटलेल्या पॉलिपांसारख्या दिसतात. पंखा करडा-जांभळा असेल तर गाठी गुलाबी, पिवळसर असेल तर नारिंगी. हा रंग जन्मजात ठरलेला असतो काय, या प्रश्नाचे उत्तर २०१४ साली मिळाले. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या मत्स्यालयात नारिंगी जोडीची पिल्ले जांभळ्या पंख्यावर वाढविली असता ती जांभळी झाली. यजमान आणि आश्रित यांचा संबंध इतका घनिष्ठ असल्यामुळे अनुभवी वाटाड्या समुद्रघोडा शोधत नाही. तो योग्य पंखा शोधतो आणि मग फांदीगणिक नजर फिरवितो. समुद्रपुष्पावरील कोळंबी किंवा स्पंज खाणाऱ्या सागरी गोगलगायी यांनाही हाच न्याय लागू पडतो.

अशा पाणबुड्यांचा वाटा नामकरणातही उमटला आहे. २००३ साली वर्णन झालेली 'हिप्पोकॅम्पस डेनिस' ही जाती छायाचित्रकार डेनिस टॅकेट यांच्या, तर २००८ सालची 'हिप्पोकॅम्पस सातोमी' ही वाटाड्या सातोमी ओनिशी यांच्या नावाने ओळखली जाते.

प्रकाश व पाणी :

पाणी प्रथम लाल रंग शोषते. दहा मीटरच्या आसपास तो जवळजवळ दिसेनासा होतो व गुलाबी गाठी राखाडी भासतात. म्हणून फ्लॅश ही चैन नसून गरज ठरते. कॅमेऱ्यासमोरील पाण्यात तरंगणारे कण फ्लॅशच्या उजेडात पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. ते टाळण्यासाठी फ्लॅश भिंगाच्या दोन्ही बाजूंस दूर ठेवून तिरका रोखावा लागतो. जीव आणि भिंग यांमधील पाणी कमी करणे हा त्याहून सोपा उपाय. मात्र त्यासाठी जवळ जावे लागते आणि अडचण तेथेच सुरू होते. जवळून चित्र घेताना स्पष्टतेची खोली काही मिलिमीटरच उरते. अशा वेळी एका श्वासाने शरीर वर-खाली झाले तरी डोळ्यावरील फोकस शेपटीवर जातो. त्यामुळे उत्तम कॅमेऱ्यापेक्षा तरंगण्यावरील ताबा अधिक महत्त्वाचा, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

वेळेची मर्यादा आणि स्पर्श :

हे समुद्रघोडे बहुधा १६ ते ४० मीटर खोलीवर आढळतात. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्याने हवाही चौपट वेगाने संपते, आणि प्रचलित तक्त्यांनुसार तेथे सुमारे २० मिनिटेच थांबता येते. एकाच पंख्यासमोर पाच-सहा जण आपापल्या पाळीची वाट पाहत असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अगदी थोडा वेळ येतो. समुद्रघोडा तर प्रकाशाकडे पाठ फिरवितो. मग कोणी धातूच्या काडीने त्याचे तोंड वळविते, कोणी फांदीच वाकविते. फ्लॅशविषयी पुष्कळ आरडाओरड होते. परंतु २०१९ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात मार्टेन डी ब्रावर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाणबुड्याच्या केवळ उपस्थितीपेक्षा फ्लॅशचा परिणाम अधिक आढळला नाही. हाताळण्याचा परिणाम मात्र ठळक होता. आक्षेप कॅमेऱ्यावर घेतला जातो आणि काडी सुटून जाते, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

काडीने वळविलेल्या प्राण्याचे चित्र शास्त्रदृष्ट्याही कमी प्रतीचे असते. तो कोणत्या फांदीला कसा बिलगला होता, पंख्याचे पॉलिप उघडे होते की मिटलेले, ही माहिती त्यात उरत नाही.

छायाचित्राचे नमुना-मूल्य :

सागरी गोगलगायींच्या बाबतीत या माहितीचे मोल विशेष आहे, कारण परिरक्षक द्रवात त्यांचा रंग उडतो आणि आकार आकसतो. १८६४ साली ऑल्डर व हॅन्कॉक यांनी भारतातील गोगलगायींचे वर्णन केले, ते वॉल्टर एलियट यांनी पाठविलेल्या नमुन्यांसोबत जिवंतपणीची रंगीत चित्रे होती म्हणूनच सुकर झाले. चित्रकाराचे ते काम आज कॅमेरा करतो. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांतही या गोगलगायी दिसतात. तेथे स्कूबाची आवश्यकता नाही. प्राणिशास्त्र विभागाच्या सहलीत चित्रासोबत तारीख, स्थळ, पाण्याची खोली, प्राण्याची अंदाजे लांबी आणि तो ज्यावर बसला होता त्या स्पंजाचे अथवा शेवाळाचे एक वेगळे चित्र, एवढे नोंदविले तरी ती उपयुक्त नोंद ठरते.